दादाची डाखकामाची पेटी

आमच्या घरी एक लाकडी पेटी आहे. उघडली की तिचे टेबल होते आणि बंद केली की ट्रंक होते. ती माझ्या मोठ्या दादाने बनवली. दादाने नागपूरला आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स केला आहे. तो रेडिओ, चार्जर, टॉर्च आणि फवारणीचे पंप दुरुस्त करतो. बाई म्हणाल्या की भित्तिपत्रकासाठी घरच्या एखाद्या वस्तूची माहिती लिहा, म्हणून मी पेटीची लिहीत आहे. मापे मी स्वतः पट्टीने मोजली आहेत.

आधी डाख म्हणजे काय ते सांगतो. सगळे त्याला सोल्डरिंग म्हणतात. दोन तारा नुसत्या पिळल्या तर काही दिवसांनी सैल होतात, म्हणून त्यांच्यावर वितळलेला धातू सोडतात. तो थंड झाला की तारा एक होऊन जातात. आजी म्हणते, हे तर कल्हईसारखेच! तिच्या लहानपणी कल्हईवाला गावात यायचा. भात्याने भट्टी फुलवायची, पितळेचे भांडे तापवायचे, नवसागर टाकायचा आणि कथील फासायचे. नवसागराने भांडे साफ झाले तरच कथील चिकटते. दादाच्या तारेत हे साफ करायचे काम राळ करते. डाखाची तार आतून पोकळ असते आणि त्या पोकळीत राळ भरलेली असते. नवसागर मात्र इथे अजिबात चालत नाही. त्याने बारीक तारा हळूहळू खाल्ल्या जातात.

ह्या तारेत १०० भागांपैकी ६० भाग कथील आणि ४० भाग शिसे असते. एक गंमत ऐका. कथील एकटे असेल तर २३२ अंशांवर वितळते. शिसे एकटे असेल तर ३२७ अंशांवर. पण दोघांना एकत्र केले की ते १८३ अंशांवरच वितळू लागतात! मला वाटले होते मधला आकडा येईल. पाणी १०० अंशांवर उकळते, त्यावरून हिशोब करा. आयर्नचे टोक तर साडेतीनशे अंशांपर्यंत तापते. त्याला हात लागला तर लगेच थंड पाण्याखाली धरायचा. वर टूथपेस्ट लावायची नाही.

आता पेटी काहून बनवली ते सांगतो. आमचे गाव काटोल तालुक्यात आहे. घर दोन खोल्यांचे. आधी दादा जमिनीवर पोते टाकून काम करायचा. माझी लहान बहीण आता रांगून राहिली. जे सापडेल ते तोंडात घालते. डाखाचे छोटे मणी जमिनीवर उडतात, त्यांत शिसे असते आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला फार वाईट असते. थोडेसेही चांगले नाही असे डॉक्टर लोक सांगतात. एक दिवस आईने सांगून टाकले, एकतर हे काम घरात नको, नाहीतर ते जमिनीवरून वर उचल. दादाने काम सोडले नाही, वर उचलले.

पेटी १८ इंच लांब, १० इंच खोल आणि १२ इंच उंच आहे. बाहेरून प्लायवूड आहे. ते सुताराकडे उरलेले तुकडे होते. आतले कप्पे संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांचे आहेत. आपल्या भागात त्या मिळतातच. फळी पातळ आणि खरखरीत असते, म्हणून कानशीने घासावी लागते. एका कप्प्यावर अजूनही अर्धा शिक्का दिसतो.

समोरची बाजू बिजागरीवर आहे. ती खाली पाडली की दोन साखळ्यांवर आडवी थांबते. तेच टेबल. त्यावर १२ इंच लांब व ८ इंच रुंद अशी भिंतीची गुळगुळीत टाइल चिकटवली आहे. लाकूड जळते, टाइल जळत नाही आणि तिच्यावर सांडलेला डाख चिकटत नाही, ओल्या फडक्याने पुसून घेता येतो. पण टाइलला जाडी असते ना! पेटी बंद करताना ती आतल्या कप्प्यांवर आपटेल. म्हणून कप्पे १० ऐवजी ९ इंच खोल केले. हे दादाने आधी कागदावर काढून पाहिले होते. टेबलाच्या तिन्ही बाजूंना अर्ध्या इंचाची पट्टी ठोकली आहे, म्हणजे मणी आणि तारांचे तुकडे खाली पडत नाहीत. आईला पेटीत सगळ्यांत जास्त हीच पट्टी आवडते.

डावीकडे आयर्नचे स्टँड स्क्रूने पक्के केले आहे. दादा डावरा आहे म्हणून डावीकडे, तुम्ही बनवाल तर तुमच्या हाताकडे लावा. नाहीतर तापलेले आयर्न कामावरून पलीकडे न्यावे लागते. स्टँडजवळ टोक पुसायला ओला स्पंज आहे. डाखाचे रीळ एका लांब खिळ्यावर फिरते. स्क्रू औषधाच्या जुन्या डब्यांत आहेत. त्यांची मोजणी माझ्याकडे असते. तिसरा हात पण आहे! म्हणजे जाड तांब्याच्या तारेला दोन दाते असलेले चिमटे लावले आहेत. एका हातात आयर्न, दुसऱ्या हातात डाखाची तार, मग वस्तू कोण धरणार?

धुराचे सांगतो. शेजारचे काका म्हणायचे की त्या धुरात शिसे असते. दादाने सांगितले, तसे नाही. एवढ्या उष्णतेने शिशाची वाफ होत नाही. तो धूर राळेचा असतो. पण तोही वाईटच, त्याने खोकला येतो आणि काही लोकांना दमा लागतो. शिसे जाते ते हातावरून तोंडात. म्हणून काम झाले की साबणाने हात धुवायचे आणि पेटीजवळ बसून काहीच खायचे नाही, शेंगदाणेसुद्धा नाही. धुरासाठी मागच्या भिंतीला गोल भोक पाडून जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवला आहे. तो धूर ओढून मागे फेकतो. पंखा उलटा लागला तर धूर तोंडावर येईल, म्हणून दादाने उदबत्ती लावून पाहिली. धूर सरळ भोकात गेला. पेटीची पाठ नेहमी दाराकडे किंवा खिडकीकडे ठेवतो. छताचा पंखा चालू नसावा, त्याने टोक थंड होते.

विजेची दोन सोयी आहेत. लाइन असली तर २५ वॅटचे साधे आयर्न. त्याला तीन पिनांचा प्लग लावला आहे. वरची पिन जाड आणि लांब असते. ती अर्थिंगची. लांब असल्यामुळे ती सॉकेटमध्ये आधी लागते आणि निघताना शेवटी निघते. आयर्नच्या आत वायर सुटून लोखंडाला लागली तर वीज जमिनीत जाते, आपल्या अंगातून नाही. आयर्न चालू असताना लाल दिवा लागतो, कारण टोकाकडे बघून ते गरम आहे की नाही ते कळत नाही.

आणि लाइन गेली तर? फवारणी पंपाची बॅटरी १२ व्होल्टची असते. १२ व्होल्टवर चालणारे आयर्नही दुकानात मिळते. दादाने ते नागपूरला बर्डीवरून आणले. पेटीच्या बाजूला बॅटरीच्या दोन वायरी जोडायची जागा आहे. हिशोब असा. २५ वॅटला १२ ने भागले की सुमारे २ अँपिअर. ७ अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर ७ भागिले २ म्हणजे साडेतीन तास. पण बॅटरी पूर्ण रिकामी केली तर ती खराब होते, म्हणून दीड तासाच्या वर वापरायची नाही. मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज आहे. पंखा आणि छोटा एलईडी दिवा पण ह्याच बॅटरीवर चालतात. असे झाले की ज्याचा पंप, त्याचीच बॅटरी आणि त्यानेच त्याची दुरुस्ती!

पेटी हातात धरून वावरात नेता येते हा मोठाच फायदा आहे. कपाशीवर फवारणी चालू असते तेव्हा पंप बंद पडला तर दिवस वाया जातो. बहुतेक वेळा फक्त स्विचची किंवा मोटरची वायर तुटलेली असते. औषध सांडून सांडून ती हिरवी पडते. दादा आधी हिरवा भाग कापून टाकतो आणि तार चकचकीत घासतो. मग आयर्नचे टोक तारेला दोन-तीन सेकंद टेकवतो. डाखाची तार आयर्नला लावायची नाही, तापलेल्या तारेला लावायची. ती वितळून आत शिरते. नंतर आधी डाखाची तार काढायची, मग आयर्न, आणि थंड होईपर्यंत हलवायचे नाही. चांगला जोड चमकतो आणि उतारासारखा पसरलेला दिसतो. गोळा होऊन वर बसला असेल तर तो कच्चा, बोटाने ओढला की निघतो.

दादाची एक अट आहे. पंप रिकामा, तीन वेळा धुतलेला आणि सुकलेला पाहिजे. नाहीतर तो पेटी उघडत नाही, मग पंप कोणाचाही असो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन कितीतरी शेतकरी दगावले. पंपाच्या पट्ट्यावर औषध लागलेले असते आणि त्याच हाताने माणूस डोळे पुसतो. मागच्या हंगामात एकाने न धुतलेला पंप आणला तर दादाने त्याला हातपंपावर पाठवले. तो रागावला, पण धुवून घेऊन आला.

काम झाल्यावर आयर्न पंधरा मिनिटे उघड्यावर थंड होऊ द्यायचे आणि मगच पेटी बंद करायची. तेवढ्या वेळात मी स्क्रू मोजतो आणि टाइल पुसतो. पुसलेले फडके वेगळे ठेवतो, ते आईच्या धुण्यात जात नाही. मला अजून आयर्न धरू देत नाहीत. सातवीत गेल्यावर देणार आहेत.

बॅटरी सोडून पेटीचे वजन ७ किलो भरले, आम्ही किराणा दुकानाच्या काट्यावर मोजले. सध्या तिला दोरीची मूठ आहे आणि ती हाताला कचते. आबांची जुनी ट्रंक मोडली आहे, तिची लोखंडी मूठ दिवाळीच्या सुट्टीत लावायची आहे. कोणाला पेटी पाहायची असेल तर रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर या. पंप आणायचा असेल तर धुवून आणा.