औषधनिर्मात्यांचे निरंतर शिक्षण
औषधनिर्माता म्हणजेच फार्मासिस्ट म्हणून व्यवसाय करण्यास लागणारी पदवी व परवाना मिळाल्यानंतरही आपले ज्ञान व कौशल्य अद्ययावत राखण्यासाठी त्याने आयुष्यभर घ्यावयाच्या नियोजित शिक्षणास ‘औषधनिर्मात्यांचे निरंतर शिक्षण’ असे म्हणतात. हे शिक्षण दोन पातळ्यांवर दिले जाते. पहिली पातळी सर्वसाधारण व्यवसाय-परवान्याच्या नूतनीकरणाची, तर दुसरी एखाद्या विशेष चिकित्साक्षेत्रातील प्रावीण्याचे प्रमाणपत्र टिकविण्याची होय. दुसऱ्या पातळीवरील व्यवस्थेचा सर्वांत विस्तृत विकास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला असल्याने प्रस्तुत नोंदीत मुख्यतः तेथील पद्धतीचे विवेचन केले आहे.

परवाना व प्रमाणपत्र : या दोहोंतील भेद मूलभूत आहे. परवाना राज्यशासनाच्या मंडळाकडून मिळतो. तो नसल्यास व्यवसाय करणे बेकायदेशीर ठरते. विशेषतेचे प्रमाणपत्र ऐच्छिक असून ते व्यवसायाच्या स्वायत्त मंडळाकडून राष्ट्रीय पातळीवर दिले जाते. परवान्यामुळे किमान पात्रतेची हमी मिळते, तर प्रमाणपत्रामुळे विशिष्ट क्षेत्रातील उच्च पात्रतेची. प्रमाणपत्र नसलेल्या औषधनिर्मात्यास रुग्णसेवा करण्यास कायद्याची आडकाठी नसते. तथापि अतिदक्षता, कर्करोग किंवा अवयव-प्रतिरोपण यांसारख्या विभागांत नेमणूक करताना अनेक रुग्णालये प्रमाणपत्रधारकास प्राधान्य देतात.

इतिहास : एकोणिसाव्या शतकात औषधनिर्मात्याचे काम प्रामुख्याने औषधे तयार करणे व विकणे हे होते. त्या व्यवसायाची संघटना असलेली ‘अमेरिकन फार्मास्युटिकल असोसिएशन’ १८५२ मध्ये फिलाडेल्फिया येथे स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या मध्यास कारखान्यांत तयार होणाऱ्या गोळ्या व अंतःक्षेपणे सर्वत्र उपलब्ध झाली आणि खलबत्त्याचे काम जवळजवळ संपुष्टात आले. त्याच काळात नव्या औषधांची संख्या, त्यांची परस्परक्रिया व त्यांचे दुष्परिणाम हे सर्व झपाट्याने वाढले. औषध बनविणाऱ्यापेक्षा औषधाचा योग्य वापर जाणणाऱ्या तज्ञाची गरज रुग्णालयांना भासू लागली. सॅन फ्रॅन्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९६६ मध्ये सुरू झालेल्या एका प्रकल्पात औषधनिर्मात्यास तळमजल्यावरील औषधालयातून काढून रुग्णकक्षात चोवीस तास उपलब्ध करून देण्यात आले. रुग्णालयाच्या नवव्या मजल्यावर चाललेला हा प्रयोग ‘क्लिनिकल फार्मसी’ या शाखेच्या वाढीतील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. जॉन मिलिस यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यास-आयोगाने १९७५ च्या आपल्या अहवालात औषधनिर्माणशास्त्र ही मूलतः ज्ञानावर आधारलेली सेवा असल्याचे प्रतिपादन केले.

सेवा ज्ञानावर आधारलेली असेल, तर ते ज्ञान शिळे होता कामा नये, हे ओघानेच आले. परवाना-नूतनीकरणासाठी निरंतर शिक्षण सक्तीचे करण्यास काही अमेरिकी राज्यांनी १९६०–७० या दशकातच प्रारंभ केला होता. फ्लॉरिडा व कॅन्झस ही त्यांत अग्रेसर राज्ये होत. पुढे ही सक्ती जवळजवळ सर्व राज्यांत रूढ झाली व दोन वर्षांत तीस तास हे प्रमाण अनेक राज्यांनी स्वीकारले. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या परिषदेने १९७५ पासून निरंतर शिक्षण देणाऱ्या संस्थांनाही मान्यता देण्यास सुरुवात केली. या परिषदेची स्थापना १९३२ मध्ये झाली असून २००३ पासून ती ‘ॲक्रेडिटेशन कौन्सिल फॉर फार्मसी एज्युकेशन’ या नावाने ओळखली जाते.

विशेषता मंडळ : १९७६ मध्ये ‘बोर्ड ऑफ फार्मसी स्पेशॅलिटीज’ या मंडळाची स्थापना झाली. मंडळाने १९७८ मध्ये मान्यता दिलेली पहिली विशेषता आण्विक औषधनिर्माणशास्त्र ही होती. वैद्यकीय निदानासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या टेक्निशियम-९९एम या किरणोत्सर्गी द्रव्याचे अर्धायुष्य सुमारे सहा तासच असते. त्यामुळे त्यापासून बनविलेली औषधे साठवून ठेवता येत नाहीत. ती त्याच दिवशी तयार करून, मोजून वापरावी लागतात. हे कौशल्य सर्वसाधारण अभ्यासक्रमात मिळत नसल्याने या शाखेस प्रथम स्थान मिळणे स्वाभाविक होते. त्यानंतर १९८८ मध्ये पोषण-साहाय्य व औषधोपचार, १९९२ मध्ये मनोविकार आणि १९९६ मध्ये कर्करोग या विशेषतांना मान्यता मिळाली. एकविसाव्या शतकात बाह्यरुग्णसेवा, अतिदक्षता, बालरोग, हृद्‌रोग, संसर्गजन्य रोग, वार्धक्य, निर्जंतुक औषधमिश्रणे, अवयव-प्रतिरोपण व तातडीची वैद्यकीय सेवा यांची भर पडून ही संख्या चौदावर गेली.

प्रथम प्रमाणपत्रासाठी उमेदवाराजवळ मान्य पदवी व चालू परवाना असावा लागतो. त्याने संबंधित क्षेत्रात काही वर्षांचा अनुभव किंवा पदव्युत्तर निवासी प्रशिक्षण घेतलेले असले पाहिजे. त्यानंतर त्यास लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. ही परीक्षा अमेरिकेबाहेरील औषधनिर्मात्यांनाही देता येते.

नूतनीकरणाची पद्धत : प्रमाणपत्राची मुदत सात वर्षांची असते. ती संपण्यापूर्वी नूतनीकरण करण्यासाठी बहुतेक विशेषतांत दोन मार्ग ठेवण्यात आले : पुन्हा परीक्षा देणे किंवा मंडळाने मान्य केलेल्या विशेष शिक्षणाचे ठराविक तास पूर्ण करणे. औषधोपचार या विशेषतेसाठी दीर्घकाळ सात वर्षांत १२० तास, तर इतर अनेक विशेषतांसाठी १०० तास विहित होते. तासांची संख्या व मोजणीची रीत यांत मंडळ वेळोवेळी फेरफार करीत आले आहे.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की परवान्यासाठी चालणारे कोणतेही व्याख्यान विशेषतेच्या नूतनीकरणास चालत नाही. विशेषतेच्या शिक्षणाची काठिण्यपातळी वरची असते. ते त्या क्षेत्राच्या परीक्षेच्या आशयास धरून आखावे लागते आणि शेवटच्या मूल्यमापनात उत्तीर्ण झाल्याखेरीज त्याचे श्रेय मिळत नाही. याउलट मान्यताप्राप्त संस्थेने दिलेले विशेषतेचे शिक्षण सामान्यतः परवान्यासाठीही जमेस धरले जाते. असे शिक्षण देणाऱ्या संस्थांत १९४२ मध्ये स्थापन झालेली रुग्णालयीन औषधनिर्मात्यांची संघटना आणि १९७९ मध्ये स्थापन झालेले ‘अमेरिकन कॉलेज ऑफ क्लिनिकल फार्मसी’ या प्रमुख होत. परिषदा, स्वाध्याय-पुस्तिका व संगणकाद्वारे दिले जाणारे पाठ ही त्यांची साधने आहेत.

मान्यताप्राप्त शिक्षणक्रमांचे तीन प्रकार करण्यात येतात : ज्ञानाधिष्ठित, उपयोजनाधिष्ठित व व्यवसायाधिष्ठित. पहिल्यात नवी माहिती दिली जाते व त्यास किमान पंधरा मिनिटे पुरतात. दुसऱ्यात रुग्णाची प्रत्यक्ष हकीकत देऊन निर्णय घेण्यास लावतात. त्यास किमान एक तास लागतो. तिसऱ्यात कौशल्याचा सराव असतो व तो किमान पंधरा तासांचा असतो. दहा तासांच्या शिक्षणास एक ‘निरंतर शिक्षण एकक’ धरतात. व्यवसायी व्यक्तीने मिळविलेल्या तासांची मध्यवर्ती नोंद ठेवणारी संगणकीय व्यवस्था २०११ पासून अमलात आली. तीमुळे कागदी दाखले जपून ठेवण्याची व ते तपासण्याची यातायात बरीच कमी झाली.

आवश्यकता : औषधोपचाराचे ज्ञान किती लवकर बदलते, हे व्हँकोमायसीन या प्रतिजैव पदार्थाच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. मेथिसिलीनला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकस जंतूंच्या गंभीर संसर्गावर हे औषध नीलेवाटे देतात. मात्रा कमी पडल्यास जंतू मरत नाहीत. ती अधिक झाल्यास वृक्कांस इजा होते. २००९ मधील तज्ञांच्या मार्गदर्शक शिफारशींनुसार पुढील मात्रा देण्यापूर्वीचे रक्तातील औषधाचे किमान प्रमाण गंभीर संसर्गात दर मिलिलिटरला १५ ते २० मायक्रोग्रॅम राखावयाचे होते. हा आकडा मोजण्यास सोपा असल्याने रुग्णालयांत तो रूढ झाला. परंतु एवढे प्रमाण गाठण्याच्या प्रयत्नात अनेक रुग्णांच्या वृक्कांवर अनिष्ट परिणाम होत असल्याचे पुढील संशोधनात आढळून आले. २०२० मध्ये सुधारलेल्या शिफारशींनी केवळ या किमान प्रमाणावर विसंबून राहण्याची पद्धत अशा संसर्गांत सोडून देण्यास सांगितले. तिच्या जागी चोवीस तासांत शरीराचा औषधाशी आलेला एकूण संपर्क मोजण्याची पद्धत सुचविण्यात आली. या पद्धतीत रक्तातील प्रमाण व काळ यांच्या आलेखाखालील क्षेत्रफळास जंतूंची वाढ रोखणाऱ्या किमान प्रमाणाने भागतात आणि हे गुणोत्तर ४०० ते ६०० या मर्यादेत राखतात.

२०१५ मध्ये प्रमाणपत्र मिळविलेल्या औषधनिर्मात्याने परीक्षेत लिहिलेले बरोबर उत्तर पाच वर्षांनी रुग्णास अपायकारक ठरू शकले, असा याचा अर्थ होतो. त्याच्या प्रमाणपत्राची मुदत मात्र २०२२ पर्यंत होती. नूतनीकरणाचे सारे शिक्षण शेवटच्या वर्षी उरकून घेतल्यास मधल्या काळातील रुग्णांना त्याचा काहीच लाभ होत नाही. म्हणूनच शिक्षणाचे तास संपूर्ण मुदतीत विभागून घेण्यावर जाणकार भर देतात. याच प्रकारचे दुसरे उदाहरण रक्त गोठण्यास प्रतिबंध करणाऱ्या औषधांचे आहे. १९५४ पासून मानवी उपयोगात असलेल्या वॉर्फरीनला तोंडावाटे घेण्याजोगा पर्याय अमेरिकेत २०१० मध्ये डॅबिगॅट्रानच्या रूपाने मिळाला. त्यापाठोपाठ आलेल्या तशाच औषधांनी अर्धशतकाची उपचारपद्धती दशकभरात पालटून टाकली.

जुने ज्ञानही जागे ठेवावे लागते. संधिवातासाठी तोंडावाटे दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे असते. चिठ्ठीत किंवा वेष्टनावर चुकून ‘रोज’ असे लिहिले गेल्यास अस्थिमज्जेचे कार्य खालावून रुग्ण दगावू शकतो. औषध रुग्णाच्या हाती पडण्यापूर्वी ही चूक पकडू शकणारी शेवटची व्यक्ती बहुधा औषधनिर्माता हीच असते.

परिणामकारकता व टीका : शिक्षणाच्या तासांची बेरीज ही क्षमतेचे माप होऊ शकते काय, हा या व्यवस्थेसंबंधीचा कळीचा प्रश्न आहे. डेव्ह डेव्हिस व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये वैद्यकीय व्यावसायिकांच्या निरंतर शिक्षणाचा आढावा घेतला. केवळ व्याख्याने ऐकल्याने प्रत्यक्ष व्यवहारात फारसा बदल होत नाही, चर्चा व सराव यांचा अंतर्भाव असल्यास तो होण्याचा संभव वाढतो, असे त्यांत दिसून आले. २००६ मधील त्यांच्याच दुसऱ्या आढाव्यानुसार वैद्यांना स्वतःच्या क्षमतेचा अंदाज नीट करता येत नाही आणि ज्यांचे कौशल्य सर्वांत कमी असते, त्यांचा अंदाज सर्वांत अधिक चुकतो, असे काही अभ्यासांत आढळले. व्यक्तीस स्वतःच्या आवडीचे विषय निवडू दिल्यास ती आधीच अवगत असलेलेच पुन्हा शिकण्याचा धोका त्यामुळे स्पष्ट होतो. विशेषतेच्या नूतनीकरणात विषय व मूल्यमापन बाहेरून ठरविण्याचे समर्थन याच आधारावर करण्यात येते.

दुसरा आक्षेप खर्चाचा आहे. नूतनीकरणाचे शुल्क व अभ्याससाहित्याचा खर्च पुष्कळदा व्यक्तीलाच सोसावा लागतो आणि प्रमाणपत्रामुळे वेतनात वाढ होईलच, अशी शाश्वती नसते. तिसरा आक्षेप हितसंबंधांचा होय. औषध-कंपन्यांच्या पैशांतून चालणाऱ्या शिक्षणात नव्या व महागड्या औषधांकडे कल झुकण्याची भीती असते. म्हणून मान्यताप्राप्त संस्थांनी व्याख्यात्यांचे आर्थिक संबंध जाहीर करावेत व आशयावर कंपन्यांचे नियंत्रण येऊ देऊ नये, असे नियम करण्यात आले आहेत.

इतर देश : ग्रेट ब्रिटनमध्ये तास मोजण्याऐवजी शिकलेल्या गोष्टीचा रुग्णसेवेवर झालेला परिणाम नोंदविण्यावर भर आहे. तेथील ‘जनरल फार्मास्युटिकल कौन्सिल’ने २०१८ पासून लागू केलेल्या पद्धतीत औषधनिर्मात्यास दरवर्षी सहा नोंदी सादर करण्यास सांगण्यात आले : चार स्वतःच्या शिक्षणाच्या, एक सहव्यावसायिकाशी केलेल्या चर्चेची व एक आत्मपरीक्षणाची. आपल्यातील उणीव ओळखणे, शिक्षणाची आखणी करणे, ती पार पाडणे व फलिताचे परीक्षण करणे या चक्रास ‘निरंतर व्यावसायिक विकास’ असे म्हणतात. आंतरराष्ट्रीय औषधनिर्माणशास्त्र महासंघाने २००२ मध्ये या संकल्पनेचा पुरस्कार केला.

भारतात औषधनिर्मात्यांची नोंदणी १९४८ च्या फार्मसी अधिनियमान्वये राज्य परिषदांकडे होते. महाराष्ट्रात हे काम महाराष्ट्र राज्य फार्मसी परिषद पाहते. भारतीय फार्मसी परिषदेने २०१५ मध्ये केलेल्या व्यवसायविषयक विनियमांत नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत किमान दोन उजळणी-वर्गांना उपस्थित राहण्याची तरतूद आहे. रुग्णालयीन प्रशिक्षणाचा समावेश असलेला ‘फार्म. डी.’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ मध्ये सुरू झाला. तथापि अधिनियमात विशेषतेनुसार वेगळ्या नोंदणीची सोय नाही. या पदवीधरांची संख्या रुग्णालयांत जसजशी वाढत जाईल, तसतसा त्यांच्या ज्ञानाची फेरतपासणी कोणी व कशी करावयाची, हा प्रश्न येथेही अधिक निकडीचा होणार आहे.