फारसी ओळ उलटी नसते

मराठी ग्रंथात फारसी पत्राचा उतारा घ्यायचा म्हटलं, की पानं लावणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. अक्षरं सुटी पडतात, ओळ भलतीकडूनच सुरू होते. मग कुणीतरी अक्षरं हातानेच उलट्या क्रमाने टंकतं. दिसायला काम होतं, पण मजकूर कायमचा बिघडतो.

कारण युनिकोडमध्ये अरबी-फारसी अक्षरं आपण वाचतो त्याच क्रमाने साठवलेली असतात. ती उजवीकडून मांडणं हे सॉफ्टवेअरचं काम. हाताने उलटवलेला शब्द शोधून सापडत नाही आणि समासाची रुंदी बदलली, की वाक्याचा शेवट वरच्या ओळीत जाऊन बसतो. शिवाय ‘सगळंच उजवीकडून’ हेही खरं नाही. आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात, त्यामुळे एकाच ओळीत दोन दिशा नांदतात. डोनाल्ड कनूथ आणि पियर मॅके यांनी १९८७ साली टेक या अक्षरजुळणी प्रणालीसाठी नेमका हाच प्रश्न हाती घेतला होता.

अक्षरं सुटी पडतात त्यात फाँटचाच दोष असतो असंही नाही. अरबी मुळाक्षरं २८. बहुतेकांची रूपं शब्दाच्या आरंभी, मध्ये, शेवटी आणि एकटी असताना वेगळी होतात. योग्य रूप निवडणारी यंत्रणा सॉफ्टवेअरमध्ये चालू असावी लागते. टेकवर आधारलेलं लाटेक वापरणाऱ्यांना झीटेक आणि झीपर्शियन पॅकेज यांतून ती मिळते.

सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे फारसी ही अरबीच, फक्त प, च, झ, ग ही चार अक्षरं जास्त. पण फारसीची ‘काफ’ (क) आणि ‘ये’ (य) ही अक्षरंही युनिकोडमध्ये अरबीहून वेगळी आहेत. शब्दाच्या मध्ये त्यांची अरबी आणि फारसी रूपं सारखीच दिसतात, म्हणून चूक डोळ्यांना कळत नाही; शोध घेताना मात्र शब्द हाती लागत नाही. ४, ५, ६ हे आकडेही फारसीत निराळ्या वळणाचे. आणि ‘नीम-फासले’, म्हणजे अर्धी जागा! ‘मी-खाहम’ (मला हवंय) या एकाच शब्दात ‘मी’ पुढच्या अक्षराला चिकटत नाही, पण पूर्ण मोकळी जागाही सोडायची नसते. त्यासाठी एक अदृश्य चिन्ह टंकावं लागतं. आपल्याला हे परकं वाटू नये. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला फरक जपायला मराठी टंकलेखनातही अनेकदा असंच न दिसणारं चिन्ह वापरलं गेलं आहे. त्यातला ‘दर्या’ तर फारसीतूनच आलेला.

ओळ दोन्ही कडांना भिडवायची म्हणून अक्षरांत फटी पाडू नयेत, जोडच तुटतो. या लिपीत जोडरेषा लांबवायची जुनी रीत आहे, तिला कशीदा म्हणतात. तीही कुठेही ताणता येत नाही.

वाटेल तो फाँट चालत नाही, हे मात्र खरं. नस्तालीक या लेखनवळणात शब्द तिरपे उतरत येतात, खिळ्यांच्या छपाईला ते वळण फार अवघड. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या शिळाछापखान्यांनी म्हणूनच कातिबांच्या (लेखनिकांच्या) हस्ताक्षरात फारसी पुस्तकं छापली आणि ती इराणपर्यंत गेली. आज इराणमध्ये पुस्तकाचा सलग मजकूर नस्ख वळणात असतो, नस्तालीक बहुधा कवितेला आणि शीर्षकाला. ग्रंथातल्या उताऱ्यालाही नस्खच घ्यावं.