गाडीतली मुलं कुणाची?

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक नुकतेच कुठे निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, दगडमातीची माळवदाची घरं अंगावर आली आणि लातूर-उस्मानाबादच्या त्या पट्ट्यात सुमारे ८ हजार माणसं गेली. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेल्या कितीतरी मुलांना नावाने हाक मारणारं घरचं कुणी उरलं नाही.

भूकंपग्रस्त भागातल्या सुमारे १,२०० मुलांना भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी पुण्याला नेलं, शिकवलं. वाघोलीचं शैक्षणिक संकुल त्या कामातून उभं राहिलं. इकडे नळदुर्गला पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने ‘आपलं घर’ सुरू झालं आणि काही मुलं आपल्याच मुलखात वाढली. हे आठवलं की मन भरून येतं. पण त्याचबरोबर एक प्रश्नही पडतो. मुलांनी भरलेली गाडी शहराकडे निघाली आहे, सोबतची मोठी माणसं नात्याची नाहीत, पुढे शाळा मिळणार असं सांगितलं जातंय. रस्त्यावरच्या हवालदाराला एवढंच दिसतं. मुलं विकायला नेणाराही नेमकं एवढंच दाखवतो. मग ओळखायचं कसं?

जगभर लोक या प्रश्नापाशी अडखळले आहेत. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला. महिन्याअखेरीस दहा अमेरिकी मिशनरी ३३ ‘अनाथ’ मुलांना घेऊन सरहद्द ओलांडायला निघाले आणि पकडले गेले. चौकशीत निघालं की त्यांतल्या बहुतेकांचे आईबाप जिवंत होते! उलट चूक आपल्याकडे झाली. मे २०२३ मध्ये बिहारहून येणाऱ्या गाडीतून ५९ मुलांना भुसावळ आणि मनमाडला उतरवण्यात आलं. तस्करीचा संशय होता. सोबतच्या पाच जणांना अटक झाली, सुमारे चार आठवडे ते तुरुंगात राहिले. मुलं १२ दिवस नाशिक-जळगावच्या बालगृहांत होती. ती मदरशात शिकायला निघाली होती. पुढच्या वर्षी पोलिसांनीच गैरसमज झाल्याचं सांगून प्रकरण बंद केलं. संशय घेण्यात वावगं काही नव्हतं, पण शहानिशा होण्याआधीच गुन्हा उभा राहिला आणि त्याची झळ त्या मुलांनाही बसली.

नुसत्या डोळ्यांनी हा फरक दिसत नाही. तो विचारूनच कळतो, आणि कोण विचारतं यावर उत्तर ठरतं. तस्कराने मुलाला आधीच पढवलेलं असतं: ‘हे माझे मामा.’ खाकी वर्दी समोर आली की मूल तेच घोकतं. तेच मूल दोन दिवस नीट जेवलं, झोपलं आणि त्याला आपल्या बोलीत बोलणारी एखादी ताई भेटली, की मामाचं नावसुद्धा माहीत नाही हे बाहेर येतं. पण ताईला गाडी थांबवण्याचा अधिकार नाही आणि टोळीच्या म्होरक्याला बेड्या घालता येत नाहीत. एकाकडे अधिकार, दुसरीकडे मुलाचा विश्वास. कुणा एकाच्याने हे काम होणारं नाही.

२०१५ चा बाल न्याय कायदा वाचताना मी थक्क होतो ते इथे. त्यात प्रत्येक जिल्ह्यासाठी विशेष बाल पोलीस पथक सांगितलं आहे. त्याचा प्रमुख किमान उपअधीक्षक दर्जाचा, आणि त्याच पथकात बालकल्याणाचा अनुभव असलेले दोन समाजकार्यकर्ते, त्यांतली एक स्त्री. म्हणजे पोलिसांनी समाजकार्यकर्त्यांना कधीतरी बोलवावं असं नुसतं सुचवलेलं नाही, त्यांना पथकातच बसवलं आहे. मुलाशी बोलताना पोलिसाने साधे कपडे घालायचे. सापडलेलं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं. पाच जणांची ही समिती, तिला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार. मूल कुठे राहील हे तीच ठरवते, पोलीसही नाही आणि संस्थाही नाही.

पुढची वाट मला फार सुंदर वाटते. पुण्यात सापडलेलं मूल ‘माझं गाव किल्लारी’ म्हणालं, तर प्रश्न औसा तालुक्यात येतो. लातूरच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा माणूस घरी जातो, शेजारी विचारतो, शाळेचा दाखला पाहतो. आईबाप आहेत का, त्यांनीच पाठवलं का, कशाच्या मोबदल्यात? आईबापांचा होकार मिळाला म्हणून विषय संपत नाही, कारण शोषणासाठी नेलं असेल तर कायद्यापुढे संमतीला किंमत नाही. मूल हरवल्याची तक्रार आली तर ते पळवलं गेलं असंच धरून गुन्हा नोंदवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलं. चार महिन्यांत शोध लागला नाही, तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जातो.

१९९३ साली यातलं फारसं काही नव्हतं. १०९८ ही बालकांची हेल्पलाइनसुद्धा १९९६ मध्ये मुंबईत, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून जेरू बिलिमोरिया यांनी सुरू केली.

आज मराठवाड्यात ही व्यवस्था दर वर्षी कसाला लागते ती भूकंपामुळे नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, मुकादमाची उचल घरात आलेली असते आणि आईबापांबरोबर मुलंही ट्रॅक्टरवर चढतात. यातली बहुतेक निव्वळ आईबापांसोबत जातात. पण उचल फेडायला कुणाचं मूल तिसऱ्याच्या हवाली झालं, तर ते या गर्दीत सहज मिसळून जातं. इथे पोलीस ठाणं उशिरा पोचतं. आधी कळतं ते गावातल्या बाल संरक्षण समितीला: सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडी सेविका. कुणाच्या घरचं कोण गेलं आणि आजीजवळ कोण राहिलं, हे सेविकेला तोंडपाठ असतं. ट्रॅक्टर हलण्याआधी तिने ही नावं लिहून ठेवली, तर मनमाडसारख्या फलाटावर दिवसचे दिवस खाणारा प्रश्न एका फोनवर सुटू शकतो.

फोन करायला खात्री लागत नाही. संशय खरा की खोटा हे तपासणं बालकल्याण समितीचं काम. पण एकटं, आधार नसलेलं मूल दिसलं तर २४ तासांत १०९८ ला, पोलिसांना किंवा बालकल्याण समितीला कळवणं हे ज्याला ते दिसलं त्याचं कर्तव्य आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे.