हलत्या नकाशात दिसणारी साथ

लंडनच्या सोहो वस्तीत १८५४ च्या ऑगस्टअखेरीस पटकीची साथ पसरली. दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघरी चौकशी करून नकाशावर प्रत्येक मृत्यूची एक काळी रेघ मारली. ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाभोवती रेघांची दाटी झाली. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. दांडा निघाला आणि साथ थांबली, अशी ही गोष्ट पुढे सांगितली जाऊ लागली.

आता त्याच साथीचे रोजचे आकडे पाहा. ३१ ऑगस्टला ५६ जणांना लागण झाली, १ सप्टेंबरला १४३ जणांना आणि २ सप्टेंबरला ११६ जणांना. दांडा काढला त्या दिवशी नवे रुग्ण होते अवघे १२. म्हणजे साथ आधीच ओसरली होती. घाबरून अनेक कुटुंबे वस्ती सोडून गेली होती. खुद्द स्नो यांनीही हे नोंदवून ठेवले आहे. पाण्यातून पटकी पसरते हे त्यांचे म्हणणे खरेच ठरले. पण स्थिर नकाशा ‘कुठे’ एवढेच सांगतो. ‘केव्हा’ हे सांगायला तो हलावा लागतो.

असा हलता नकाशा आज साध्या संगणकावर तयार होतो. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ ‘आर’ हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते सुरू केले. काम थरांनी चालते. तळाशी रस्ते, त्यावर पंप, त्यावर घरे आणि सर्वांत वर रुग्ण. ‘एसएफ’ नावाचा संच हे थर वाचतो. सगळे थर एकाच मापन पद्धतीत आणावे लागतात. एकात अक्षांश-रेखांश आणि दुसऱ्यात मीटर असतील, तर पंप भलत्याच जागी उभा राहतो. मग ‘जीजीप्लॉट’ चित्र काढतो आणि ‘जीजीॲनिमेट’ प्रत्येक दिवसाचे एक चित्र करून ती भराभर पुढे सरकवतो. वहीच्या कोपऱ्यात चित्रे काढून मुले पाने फडफडवतात, तसाच हा प्रकार.

धोका इथेच आहे. दोन दिवसांच्या चित्रांमधली जागा सॉफ्टवेअर स्वतः भरते. प्रत्येक ठिपका स्वतंत्र आहे हे त्याला सांगितले नाही, तर एका घरातला मृत्यू घसरत घसरत दुसऱ्या घरात जाताना दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, रोग गल्लीतून चालत गेला. प्रत्यक्षात तसे काही घडलेलेच नसते.

दुसरी अडचण अधिक मुळाशी आहे. स्नो यांच्या नकाशावर घर आहे, तारीख नाही. रोजच्या आकड्यांच्या तक्त्यात तारीख आहे, घर नाही. त्यामुळे सोहोच्या नकाशावर घरागणिक तारखेने ठिपके उमटवणारी चित्रफीत कितीही देखणी असली, तरी तिच्यातला काही भाग अंदाजच असतो. तो अंदाज आहे असे तिथे लिहिलेले हवे.

तारीख कोणती, हेही महत्त्वाचे. सोहोत लागण सर्वाधिक झाली १ सप्टेंबरला, तर मृत्यू सर्वाधिक झाले २ सप्टेंबरला, १२७. डेंग्यूत डास चावल्यापासून ताप येईपर्यंत साधारण ४ ते १० दिवस जातात. त्यानंतर तपासणी, मग अहवाल. अहवालाच्या तारखेने नकाशा हलवला आणि त्यावर पावसाचा थर ठेवला, तर कारण आणि परिणाम यांचा मेळ चुकतो. फवारणीचे पथक मग साथ पुढे सरकल्यावर पोहोचते.

लोकसंख्येचा थरही विसरता येत नाही. सोहोतल्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांच्या आश्रयगृहात, ५३५ जण राहत होते आणि पटकीने त्यातले ५ गेले. नुसते ठिपके मोजले तर तिथे पाच मृत्यू दिसतात. राहणाऱ्यांची संख्या कळली की ती जागा किती बचावली हे दिसते. तिथे स्वतःची विहीर होती. स्नो यांच्या तर्काला त्या पाच ठिपक्यांनीच बळ दिले.

म्हणून साथीची चित्रफीत मोबाइलवर आली, की काही गोष्टी तपासाव्यात. तारीख लागणीची आहे की नोंदीची? ठिपके त्या दिवसाचे आहेत की आधीचे धरून साचत गेलेले? साचत जाणारा नकाशा साथ ओसरली तरी लालच होत राहतो. रंगांचे माप सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आहे का? आकडे दर लाख लोकसंख्येमागे आहेत का? आणि रुग्णाचे नेमके घर तर दिसत नाही ना? दिसत असेल, तर ती चित्रफीत पुढे पाठवू नये. त्या ठिपक्यामागे शेजाऱ्यांच्या नजरा झेलणारे एक कुटुंब असते.