घरच्या मत्स्यपात्रांतील समुद्रघोडे व त्यांचें आरोग्य

गुरेंढोरें, कोंबड्या व मधमाश्या यांच्या संगोपनाविषयीं या मासिकांत वारंवार लेख येतात. समुद्रघोड्याचें नांव पाहून वाचकांस थोडें नवल वाटेल. आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. परंतु सेवानिवृत्तीनंतर सन २०२४ च्या नोव्हेंबरांत ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें चिरंजीवांकडे जाऊन राहण्याचा योग आला, व त्यांनीं पाळलेल्या समुद्रघोड्यांच्या जोडीची देखभाल आमच्याकडे आली. तींत आमच्या हातून जी चूक झाली ती सांगण्यासाठींच हा लेख आहे.

आरंभींच एक सूचना. आपल्या देशांत सन २००१ पासून या प्राण्यास वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण असल्यानें तो पकडणें किंवा विकणें हा गुन्हा आहे. पूर्वीं पाल्कची सामुद्रधुनी व मन्नारचें आखात येथून वाळविलेले समुद्रघोडे चिनी औषधांसाठीं परदेशीं जात. कोंकणच्या वाचकांपैकीं कोणाच्या जाळ्यांत तो जिवंत आलाच तर पाण्यांत सोडून द्यावा. मेलबर्नची जोडी समुद्रांतून धरलेली नव्हती. टास्मानिया बेटावर ब्यूटी पॉइंट येथें यांची पैदास करितात, तेथील ती होती.

नांव घोड्याचें असलें तरी हा मासाच. याला दांत नाहींत व जठरही नाहीं. नळीसारख्या तोंडानें भक्ष्य शोषून घेतो आणि तें आंतड्यांतून झपाट्यानें पुढें जातें. बैल सकाळची वैरण दुपारपर्यंत रवंथ करीत बसतो. तसा सांठा याच्यापाशीं नाहीं. म्हणून गोठविलेली बारीक कोलंबी दिवसांतून दोन-तीन वेळां थोडी थोडी द्यावी लागते, व उरलेली लगेच नळीनें ओढून काढावी लागते. मान वांकवून तो आपल्याकडे पाहतो तेव्हां आणखी चिमूटभर द्यावीशी वाटते. तो मोह आवरावा.

कारण उरलेलें अन्न कुजतें. शेतांत शेणखत पडल्यावर त्यांतील नत्राचा अमोनिया होतो, जमिनींतील जीवाणू त्याचें नायट्राइट व मग नायट्रेट करितात, आणि तें पीक उचलतें. टांकींतही हेंच चालतें. भेद इतकाच कीं तेथें उचलावयास पीक नाहीं, व पहिले दोन पदार्थ माशास विषासमान आहेत. गाळणींत हे जीवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात, तोंवर टांकींत प्राणी सोडूं नये. पुढें नायट्रेट सांचूं नये म्हणून पाण्याचा कांहीं भाग नियमानें बदलावा. नवें पाणी तितकेंच खारें व तितकेंच थंड असावें. टांकी उंच हवी, प्रवाह मंद हवा, आणि शेंपटीनें धरून राहण्यास काड्या हव्यात.

आतां आमची चूक. ही मोठ्या पोटाची जात थंड समुद्रांतली. तिला १६ ते २० अंश सेंटिग्रेडचें पाणी मानवतें. त्यासाठीं टांकीस जोडलेलें यंत्र रात्रंदिवस घरघरत असे. खर्चाच्या बाबींवर लाल शाईच्या खुणा करण्यांत आमचा जन्म गेल्यामुळें तें घरघरणें आम्हांस वायफळ वाटे. सन २०२५ च्या जानेवारीअखेर चिरंजीव व सूनबाई दोन दिवस बाहेरगांवीं गेले असतां आम्हीं रात्रीं यंत्र बंद केलें आणि सकाळीं सुरू करण्यास विसरलों. तिकडे तो भर उन्हाळा. सायंकाळीं पाहतों तों पारा २७ वर! घाबरून यंत्र चालविलें. दोघेही खात होते, म्हणून घरीं कोणास कांहीं बोललों नाहीं.

ऊन पाण्यांत प्राणवायु कमी राहतो व रोगकारक जीवाणू झपाट्यानें वाढतात. तिसऱ्या दिवशीं नराच्या शेंपटीचें टोंक पांढरें पडलें, पांचव्या दिवशीं त्यानें खाणें सोडलें, आणि सातव्या दिवशीं तो मेला. या जातींत गर्भ नर वागवितो. मादी त्याच्या पोटावरील पिशवींत अंडीं घालते. त्याची पिशवी भरलेली होती. कारण विचारलें तेव्हां आम्हीं उन्हाचें नांव सांगितलें. आठवड्यानें खरें सांगितलें. चिरंजीव इतकेंच म्हणाले, “बाबा, त्याच दिवशीं सांगितलें असतेंत, तर वेगळ्या भांड्यांत ठेवून औषध तरी देतां आलें असतें.”

दुसऱ्या दिवशीं आम्हीं वही घातली. रकाने पांच : तारीख, पारा, क्षार, खाद्य, शेरा. शेऱ्यांत श्वास जलद आहे काय, मान खालीं पडली आहे काय, शेंपटीवर पांढरेपणा आहे काय, हें रोज पाहून लिहावें. पिशवी फुगून प्राणी वर तरंगूं लागला तर आंत हवेचे बुडबुडे सांचल्याची शंका घ्यावी व जाणत्या पशुवैद्यास लगेच दाखवावें. “ठीक” एवढाच शेरा लिहूं नये. पीकपाहणींत तसा शेरा आम्ही वर्षानुवर्षें वाचला आहे, आणि तो लिहिणारा पुष्कळदां शेतावर गेलेलाच नसे.

फेब्रुवारीअखेर नवा नर आला. त्यास सहा आठवडे निराळ्या भांड्यांत ठेवावयाचें होतें, परंतु त्याआधींच आम्ही परतलों. वही आतां सूनबाई चालवितात व दर रविवारीं पानाचें छायाचित्र पाठवितात. एप्रिलच्या एका पानावर शेरा होता : दोघे एकाच काडीस धरून, पारा १८.