पत्ता वेगळा, पान वेगळं

आज स्प्रिंग एमव्हीसीमध्ये पत्त्याला पान कसं जोडायचं ते बघू.

ब्राउझरची मागणी आधी डिस्पॅचर सर्व्हलेटकडे येते. छावणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यासारखा तो तिला नेमक्या कंट्रोलरकडे धाडतो. समजा, मेथडवर गेटमॅपिंग लिहून '/यादी' हा पत्ता दिला आणि मेथडने 'सदस्य' एवढंच नाव परत केलं. व्ह्यू रिझॉल्व्हर त्या नावाआधी फोल्डरचा मार्ग आणि शेवटी '.जेएसपी' जोडतो, तेच पान दिसतं.

इथे मी एकदा चुकलो. निवृत्तीनंतर आमच्या जुन्या सोबत्यांच्या फोन नंबरांचं पान केलं. लॉगिनची तपासणी कंट्रोलरमध्ये, यादी मात्र थेट जेएसपीत लिहिलेली आणि फाइल उघड्या फोल्डरमध्ये. एका सोबत्याच्या मुलाने फाइलचंच नाव टाइप केलं आणि लॉगिनशिवाय सगळे नंबर समोर! फाटकावर पहारा, पण कुंपणाला भगदाड.

उपाय सोपा. जेएसपी फाइली 'वेब-इन्फ' फोल्डरमध्ये ठेवा. तिथली फाइल सर्व्हर बाहेरून मागणाऱ्याला देत नाही. कंट्रोलरमार्फतच ती उघडते.

आज आपापल्या फाइली कुठे आहेत, तेवढं तपासा. जय हिंद!