पाणघोडा : मुक्काम पाण्यात, चराई काठावर

• डोळे, कान, नाकपुड्या डोक्याच्या वरच्या बाजूला. धड बुडालेलं असतानाही दिसतं, ऐकू येतं, श्वास घेता येतो.

• बुडी मारताच नाकपुड्या आणि कान मिटतात. मोठा पाणघोडा सुमारे ५ मिनिटं दम धरतो. झोपेतही, जाग न येता, वर येऊन श्वास घेतो.

• पोहत मात्र नाही! हाडं जड, तळाला पाय टेकत चालतो.

• कातडी उन्हात लवकर सुकते. तिच्यावर पाझरणारा तांबडा द्रव रक्त नव्हे. तो ऊन अडवतो, जंतूंची वाढ रोखतो. त्यातली लाल आणि नारिंगी रंगद्रव्यं जपानी संशोधकांनी २००४ मध्ये उलगडली.

• पिल्लू पाण्याखालीही दूध पितं. गवत खायला पाणघोडे रात्री बाहेर.

• कुळाबाहेरचे सर्वांत जवळचे हयात नातलग : देवमासे आणि डॉल्फिन.